रतलामचा डबा हिरवा दिसतोय पण डेटा कालचाच: झॅबिक्स प्रॉक्सी आणि मेन सर्व्हरचं जुळत नसेल तर काय काय बघायचं

आमचं ऑफिस इंदुरात, विजयनगरला. मेन मॉनिटरिंग सर्व्हर तिथेच आहे, आणि देवास, पीथमपूर, उज्जैन, रतलाम या चार ठिकाणी एकेक डबा ठेवलाय. डबा म्हणजे जुना मिनी पीसी, त्यावर लिनक्स आणि झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरची प्रॉक्सी, म्हणजे मेन सर्व्हरचा लांब बसलेला हस्तक, बस. तिथले स्विच, यूपीएस, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर, बायोमेट्रिक मशीन यांची नाडी हा डबा बघतो आणि जे सापडेल ते इंदूरला धाडतो. मधे इंटरनेट गेलं तर डबा डेटा स्वतःकडे साठवून ठेवतो आणि लाईन आली की पाठवतो, असं पुस्तकात लिहिलंय. होतं पण तसंच, फक्त किती वेळ साठवतो ते पुस्तकात जरा आत लिहिलंय, आणि तिथेच आपली फजिती होते. त्याबद्दल खाली.

मी झॅबिक्स धरूनच लिहितोय कारण माझ्या हाताखाली तेच आहे, पण तुमच्याकडे दुसरं काही असलं तरी एक मोठा सर्व्हर आणि लांब बसलेले छोटे सर्व्हर अशी रचना असेल तर भानगडी साधारण ह्याच निघतात, नावं बदलतील फक्त.

आधी हे ठरवा की नक्की काय अडलंय

लोकांचा फोन येतो, "अहो, सिंक होत नाहीये." सिंक म्हणजे काय हो? इथे दोन वेगळ्या गोष्टी वाहत असतात. खालून वर डेटा जातो, म्हणजे डब्यानं मोजलेले आकडे. वरून खाली कॉन्फिग येतं, म्हणजे कुठली मशीनं बघायची, किती सेकंदांनी बघायची, ती यादी. यातलं एक चालू आणि दुसरं बंद, असं अगदी आरामात होऊ शकतं. डेटा येतोय पण काल जोडलेला नवा स्विच डब्याला माहीतच नाही, म्हणजे वरून खाली अडलंय. नवा स्विच यादीत पोचलाय पण ग्राफ सकाळी सहालाच थांबलाय, म्हणजे खालून वर अडलंय.

आणि तो प्रॉक्सीच्या यादीतला "लास्ट सीन"चा कॉलम, त्याच्यावर तर अजिबात जाऊ नका. तिथे दोन सेकंद दिसलं की माणूस निवांत होतो. पण तो कॉलम एवढंच सांगतो की डबा दोन सेकंदांपूर्वी सर्व्हरशी काहीतरी बोलला. काय बोलला, आत्ताचे आकडे दिले की तीन तासांपूर्वीचे, ते नाही सांगत. खरं बघायचं असेल तर लेटेस्ट डेटामध्ये जाऊन त्या ब्रँचच्या चारपाच आयटमची, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या गोष्टींची, वेळ बघा. मी रोज सकाळी हेच करतो, चहा येईपर्यंत चारी गावं बघून होतात.

मग त्या डब्याचा लॉग उघडा आणि सर्व्हरचा लॉग उघडा, दोन्ही बाजूबाजूला. एकाच बाजूचा लॉग वाचून निर्णय घेणं म्हणजे नवराबायकोच्या भांडणात एकाचंच ऐकून घेणं.

सगळ्यात आधी घड्याळ. हो, पिंग मारून लाईन बघण्याच्याही आधी

हे मी ठासून सांगतो कारण याच्यात माझे पूर्ण दोन दिवस गेलेत.

जुलैचा महिना, रात्री जोराचा पाऊस, रतलामला लाईट गेली, यूपीएसही तासाभरात बसला. पहाटे लाईट आली, डबा चालू झाला, पण इंदुरात त्याचा पत्ता नाही. आमच्या डब्यांना आम्ही वायरगार्ड या व्हीपीएनचा टनल, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खाजगी बंद रस्ता, दिलाय, प्रॉक्सी त्या टनलमधूनच सर्व्हरला भेटते. तर टनलच उठेना. मी इंटरनेटवाल्यांना फोन केला, त्यांनी म्हटलं आमची लाईन चकाचक आहे, मी त्यांच्याशी वाद घातला, पुन्हा फोन केला, पुन्हा वाद. दुसऱ्या दिवशी शेवटी तिथल्या स्टोअरच्या काकांना म्हटलं जरा टीव्हीची स्क्रीन डब्याला लावा. काका मराठीच, रेल्वेतून रिटायर झालेले, रतलामला अशी बरीच मंडळी आहेत.

"काका, लाल बॉक्समधे काही लिहून आलंय का?"

"नाही हो, काळी स्क्रीन आहे, नाव विचारतोय."

मग मी त्यांना अक्षर अक्षर सांगून लॉगिन करायला लावलं आणि डेट टाइप करून एंटर मारायला सांगितलं.

"मार्च दाखवतोय," काका म्हणाले, "आणि सालही मागचंच. म्हणजे अहो, या हिशोबानं मी अजून रिटायरच झालो नाहीये."

तिथे माझी ट्यूब पेटली. डब्याच्या मदरबोर्डवरचा सेल मेलेला, तोच चपटा सीआर २०३२. लाईट गेली की घड्याळ साफ. बायोस तर कुठल्या तरी जुन्यापुराण्या तारखेला जाऊन बसतं, लिनक्स त्यातल्या त्यात स्वतःच्या पॅकेजच्या तारखेपर्यंत घड्याळ पुढे ओढतं, पण आजची तारीख त्याला कोण सांगणार?

आता वायरगार्डची गंमत ऐका. टनल उभा करताना डबा जो पहिला नमस्कार पाठवतो त्यात तो वेळेचा शिक्का मारतो, आणि समोरचा सर्व्हर त्या डब्याकडून आलेला सगळ्यात मोठा शिक्का लक्षात ठेवतो. त्याच्यापेक्षा जुना शिक्का आला की तो नमस्कार सरळ टाकून देतो. कोणीतरी जुनं पॅकेट पकडून पुन्हा पाठवतोय की काय, या शंकेनं. म्हणून मार्चचा डबा जुलैच्या सर्व्हरला नमस्कार करत बसला होता आणि सर्व्हर तोंड फिरवून. लॉगमध्ये ओरड नाही, एरर नाही, काही नाही.

मग घड्याळ आपोआप का नाही सुधारलं? कारण माझीच हुशारी. मी डब्यांना टाइम सर्व्हर म्हणून इंदूरच्या ऑफिसचा आतला पत्ता दिला होता, तो टनलच्या पलीकडे. म्हणजे वेळ मिळायला टनल हवा आणि टनल मिळायला वेळ हवी. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही म्हणतात ना, तसलं.

तर करायचं असं. एक, टाइम सर्व्हर टनलच्या बाहेरचा, सरळ इंटरनेटवरचा ठेवा, आतला हवा असेल तर दुसऱ्या नंबरला ठेवा, आणि डब्याचा सगळाच ट्रॅफिक टनलमधून ढकलला असेल तर टाइमचा ट्रॅफिक त्यातून वगळा, तो यूडीपीच्या १२३ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, चालतो. दोन, घड्याळ जुळवायला क्रोनी वापरत असाल तर त्याला मेकस्टेपची ओळ द्या, म्हणजे चालू झाल्यावर पहिल्या दोनतीन वेळा फरक मोठा असेल तर तो घड्याळ एका उडीत लावेल, नाहीतर तो हळूहळू सरकवत बसतो आणि सोळा महिन्यांचा फरक सरकवायला त्याला किती जन्म लागतील ते तुम्हीच मोजा. तीन, आत्ताच्या आत्ता डबा वर आणायचाय आणि घड्याळाला हात लावता येत नाहीये तर मेन सर्व्हरवर त्या डब्याचा पीअर, म्हणजे वायरगार्डमधली त्याची नोंद, काढून पुन्हा टाका, म्हणजे सर्व्हर जुना शिक्का विसरतो आणि टनल उठतो. उठला की आत जाऊन वेळ दुरुस्त करा. वेळ दुरुस्त न करता सोडलंत तर पुढच्या भागातल्या सगळ्या भानगडी तुमच्याच.

आणि सेल बदला हो. जेलरोडवर दोन प्लेट पोह्यांच्या पैशात मिळतो. रास्पबेरी पाय वापरत असाल तर पाय ५ च्या आधीच्या मॉडेलांत घड्याळाची चिपच नाही, आणि ५ मध्ये चिप आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते, हे लक्षात असू द्या.

घड्याळ जुळतंय का ते बघताना तारीख डोळ्यांनी वाचून फसू नका, टाइमझोनमुळे गोंधळ होतो. दोन्ही मशीनवर डेट कमांडला अधिक, टक्का आणि छोटा एस जोडून चालवा, १९७० पासूनचे सेकंद येतील, ते दोन्हीकडे एकदोन सेकंदांच्या फरकानं सारखे हवेत. सेकंद सारखे आहेत पण स्क्रीनवर बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसतोय, म्हणजे घड्याळ ठीक आहे, फक्त दाखवायचा टाइमझोन चुकलाय, वेबपेजच्या सेटिंगमध्ये एशिया कोलकाता करा आणि पुढे चला. पण सेकंदांतच साडेपाच तासांचा म्हणजे १९,८०० चा फरक असेल तर कोणीतरी हार्डवेअर क्लॉकमध्ये आपली लोकल वेळ भरून ठेवलीय, बहुतेक त्या पीसीवर कधीकाळी विंडोज होतं.

अजून एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. घड्याळ बिघडलं तर अलार्म यावा म्हणून झॅबिक्समध्ये फझीटाइमचा ट्रिगर असतो, तयार टेम्प्लेटमध्येच येतो. तो ट्रिगर मशीनची वेळ आणि आकडा घेतला त्या क्षणाची वेळ यांची तुलना करतो. डबा स्वतःच स्वतःला तपासत असेल तर दोन्ही वेळा त्याच बिघडलेल्या घड्याळाच्या, मग फरक शून्य आणि सगळं हिरवंगार. म्हणून डब्याची स्वतःची तपासणी प्रॉक्सीमधून न करता थेट मेन सर्व्हरकडून करवा.

आता तार जोडलीय का ते

घड्याळ झालं की मग कनेक्शन. इथे पहिला प्रश्न, फोन कोण कोणाला लावतो? ॲक्टिव्ह प्रॉक्सी असेल तर डबा सर्व्हरला लावतो, सर्व्हरच्या १००५१ पोर्टवर. पॅसिव्ह असेल तर सर्व्हर डब्याला लावतो, डब्याच्या १००५१ वर. मशीनवर बसून आकडे देणाऱ्या एजंटचा पोर्ट १००५०, तो वेगळा, त्यात गल्लत करू नका. ब्रँचला फोरजीचं डोंगल किंवा साधं ब्रॉडबँड असेल आणि राउटरच्या बाहेरच्या बाजूला १०० पॉइंट ६४ पासून १०० पॉइंट १२७ पर्यंतचा पत्ता दिसत असेल तर तो पत्ता तुमचा एकट्याचा नाही, कंपनीनं अख्ख्या मोहल्ल्याला एकाच दारातून बाहेर काढलंय, बाहेरून कोणी तुमच्या डब्याला फोन लावूच शकत नाही. तिथे ॲक्टिव्हच ठेवा, पॅसिव्हच्या नादी लागू नका.

डब्यावरून नेटकॅट नाहीतर टेलनेटनं सर्व्हरचा १००५१ ठोठावून बघा. उत्तर तीन तऱ्हेचं येतं. लगेच कनेक्ट झालं, उत्तम. लगेच "रिफ्यूज्ड" आलं, म्हणजे बहुतेक तुम्ही घरापर्यंत पोचलात पण दार उघडायला आत कोणी नाही, सर्व्हरची सर्व्हिस बंद आहे किंवा दुसऱ्याच पत्त्यावर ऐकत बसलीय. आणि बराच वेळ नुसतं लटकून टाइमआउट आलं, म्हणजे वाटेतच कोणीतरी गिळतंय, फायरवॉल नाहीतर राउटिंग. या दोघांतला फरक ओळखला की अर्धा दिवस वाचतो. लोक रिफ्यूज्ड आल्यावर फायरवॉल उघडत बसतात आणि टाइमआउट आल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करत बसतात, अगदी उलटं.

पोर्ट लागतोय तरी प्रॉक्सी नाही म्हणतेय? लॉगमध्ये "प्रॉक्सी नॉट फाउंड" असं काही दिसलं तर नावाचा घोळ. डब्याच्या कॉन्फिग फाईलमधलं होस्टनेम आणि सर्व्हरच्या वेबपेजवर दिलेलं प्रॉक्सीचं नाव अक्षरशः एकच हवं, लहानमोठ्या अक्षरांसकट. पीथमपूरच्या वेळी मी एकीकडे पहिलं अक्षर मोठं आणि दुसरीकडे लहान टाकलं होतं, आणि अर्धा तास मी दोन्ही नावं बघून "सारखीच तर आहेत" म्हणत होतो.

एनक्रिप्शन लावलं असेल तर पीएसकेमध्ये, म्हणजे दोघांनी आधीच ठरवलेल्या चावीत, दोन गोष्टी असतात, ओळख आणि गुपित, दोन्ही दोन्हीकडे सारख्या हव्यात. गुपित हेक्समध्ये, कमीत कमी ३२ अक्षरं. आणि चारी डब्यांना एकच ओळख देऊन गुपितं वेगवेगळी ठेवलीत तर ते चालणार नाही, ओळख एक तर गुपितही एकच, नाहीतर प्रत्येकाची ओळख वेगळी करा, तेच बरं. रेडहॅटच्या घराण्यातलं लिनक्स असेल आणि सगळं बरोबर असूनही "परमिशन डिनाइड" येत असेल तर एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधला सुरक्षेचा पहारेकरी, बघा, त्यात झॅबिक्सला नेटवर्क वापरू देणारा एक स्विच असतो, तो बंद असतो. अख्खं एसईलिनक्स बंद करून मोकळं होऊ नका, मला माहितीय मोह होतो.

छोटं जातं, मोठं अडकतं

हा प्रकार फार फसवा. पिंग होतोय, पोर्ट लागतोय, लास्ट सीन हिरवा, पण कॉन्फिग येताना मधेच टाइमआउट, किंवा डेटा थोडा गेला की कनेक्शन तुटतं. बहुतेक वेळा एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या मोठ्यात मोठ्या साइजची, भानगड असते. साध्या इथरनेटचं पॅकेट १,५०० बाइटचं, वायरगार्ड स्वतःचं पाकीट वरून चढवतो म्हणून तो आत १,४२० ठेवतो. पण मधल्या मोबाइल नेटवर्कमध्ये गल्ली त्याहून अरुंद असली तर भरलेला ट्रक आत शिरत नाही आणि स्कूटर मात्र सुसाट जाते. इंदूरच्या सियागंज बाजारात दुपारी बारा वाजता काय होतं, तसंच.

तपासायचं सोपं आहे. डब्यावरून टनलमधल्या सर्व्हरच्या पत्त्याला पिंग करा, पण तुकडे करायला मनाई करून आणि साइज १,३९२ देऊन, कारण २८ बाइट हेडरचे जातात आणि बरोबर १,४२० होतात. गेलं नाही तर साइज पन्नास पन्नासनं कमी करत जा, जिथे जायला लागेल तिथे २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. मला एवढा धीर नसतो, मी सरळ दोन्ही बाजूंना १,२८० करतो आणि बघतो. त्यानं सुटलं तर निदान पक्कं, मग हवं तर सावकाश वाढवत न्या. मी वाढवला नाही, उज्जैनचा डबा अजून १,२८० वरच आहे आणि मजेत आहे.

साठलेला गठ्ठा

आता ती साठवणुकीची गोष्ट. लाईन गेल्यावर डबा डेटा किती वेळ धरून ठेवतो? ठरलेली सेटिंग, म्हणजे प्रॉक्सी ऑफलाइन बफर, मूळची १ तासाची असते. एक तास! आपल्याकडे पावसाळ्यात लाईन गेली की तासाभरात येते का कधी? रात्री दहाला गेली आणि सकाळी सहाला आली तर तुम्हाला पाच ते सहाचा डेटा मिळेल, बाकी सात तास ग्राफमध्ये भोक. लोकांना वाटतं सिंक बिघडलं. सिंकनं त्याचं काम केलंय हो, त्याला सांगितलंच तेवढं होतं. ही सेटिंग ७२० तासांपर्यंत वाढवता येते. मी ४८ ठेवलीय, शनिवार रविवार धरून.

वाढवायच्या आधी हिशोब मांडा. समजा ब्रँचला ४० मशीनं, प्रत्येकाचे १०० आयटम, प्रत्येक आयटम मिनिटाला एकदा. म्हणजे मिनिटाला ४,०००, तासाला २ लाख ४० हजार, आणि आठ तासांचे १९ लाख २० हजार आकडे. एवढं डब्याच्या डिस्कवर मावलं पाहिजे, आणि लाईन आल्यावर हे सगळं एकदम इंदूरला धावत सुटणार, वर चालू डेटा आहेच. डिस्क भरली का ते बघायला विसरू नका, माझा अनुभव असा की डिस्क बहुतेक वेळा प्रॉक्सीनं भरत नाही, तिथल्याच कुठल्या तरी लॉगनं भरते आणि बिल प्रॉक्सीवर फाटतं.

गठ्ठा किती उरलाय ते बघायला प्रॉक्सी हिस्टरी नावाचा एक आतला आयटम आहे, न पाठवलेले आकडे किती बाकी ते तो सांगतो. त्याचा ग्राफ लावा, आजच लावा. लाईन आल्यावर तो ग्राफ उतरत असेल तर हात लावू नका, बसून राहा. मी एकदा उतरत असताना घाईत तीन वेळा रीस्टार्ट मारला होता आणि दर वेळी गाडी पुन्हा पहिल्या गिअरमध्ये. पण ग्राफ सपाट असेल किंवा चढतच असेल तर अडचण वर आहे, सर्व्हरकडे. सर्व्हरवर ट्रॅपर, म्हणजे येणारा डेटा घेणाऱ्या, प्रोसेस मूळच्या पाचच असतात, ॲक्टिव्ह प्रॉक्सी आणि ॲक्टिव्ह एजंट सगळे त्यांच्याच दारात येतात, ते सतत बिझी दिसत असतील तर वाढवा. हिस्टरी कॅशे, म्हणजे डेटाबेसात जायच्या आधी आकडे थांबतात ती मेमरी, मूळचा १६ एमबीचा, तो भरत आला की नव्या व्हर्जनमध्ये सर्व्हर प्रॉक्सींना मुद्दाम थोपवतो, ८० टक्क्यांच्या वर गेला की थांबवतो आणि ६० च्या खाली आला की पुन्हा घेतो. म्हणजे चारी गावांची लाईट एकाच रात्री गेली आणि सकाळी एकदम आली तर चारी डबे रांगेत उभे, आणि तुम्हाला वाटतं चारी बिघडलेत. कॅशे वाढवा. आणि तरीही कॅशे रिकामा होत नसेल तर डेटाबेसची डिस्कच हळू आहे, तिथे सेटिंगनं काही होत नाही, एसएसडी घ्या.

झॅबिक्स ७.० पासून प्रॉक्सीला डेटा डिस्कवर न ठेवता मेमरीत ठेवायची सोय आलीय, वेगवान आहे. पण मेमरीतला डेटा लाईट गेली की गेलाच. हायब्रिड मोडमध्ये प्रॉक्सी नीट बंद केली तर डेटा डिस्कवर उतरतो, पण प्लगच निघाला तर तेवढी सवड कोण देतो? जिथे यूपीएसचा भरवसा नाही तिथे मी डिस्कच ठेवतो.

हा गठ्ठा उतरत असताना "डेटा आलाच नाही" वाले, म्हणजे नोडेटा ट्रिगर कसे वागतात हेही माहीत असू द्या. ५.० पासून ते समजूतदार झालेत, प्रॉक्सीच गायब असेल किंवा जुना डेटा अजून पाठवत असेल तर ते गप्प बसतात. कोणीतरी त्यांना स्ट्रिक्ट करून ठेवलं असेल तर मात्र पहाटे दोनशे मेसेज. आणि घड्याळ चुकलेलं असेल तर नोडेटा काहीही बरळतो, म्हणून म्हटलं आधी घड्याळ.

वरून खाली येत नसेल तर

नवा होस्ट, म्हणजे बघायचं नवं मशीन, जोडला आणि डब्याला कळला नाही. जुन्या व्हर्जनमध्ये ॲक्टिव्ह प्रॉक्सी कॉन्फिग मूळच्या सेटिंगनं तासातून एकदाच मागते, म्हणजे ५९ मिनिटं वाट बघायची तयारी ठेवा किंवा डब्यावर प्रॉक्सीच्या कमांडला मायनस मोठा आर देऊन कॉन्फिग कॅशे रीलोड करा. ६.४ पासून हे दर १० सेकंदांनी होतं, मग तिथे पाच मिनिटांत आलं नाही तर खरंच काहीतरी आहे.

सगळ्यात जास्त वेळा ते "काहीतरी" म्हणजे व्हर्जन. सर्व्हर ६.० वरून ७.० केला, डबे ६.० वरच राहिले. अशा डब्याला सर्व्हर आउटडेटेड म्हणतो, त्याच्याकडून डेटा घेतो पण त्याला नवं कॉन्फिग देत नाही. म्हणून सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि महिन्यानंतर कोणीतरी विचारतं की तो नवीन कॅमेरा ग्राफमध्ये का नाही. त्याहून जुना डबा असेल तर डेटाही घेत नाही. सर्व्हर आधी, मग लगेच डबे, याच क्रमानं करा, उलटं करू नका. आणि डब्यावर एसक्यूलाइट, म्हणजे एका फाईलमधला छोटा डेटाबेस, असेल तर मोठ्या व्हर्जनच्या अपग्रेडनंतर जुनी फाईल पुढे चालत नाही, नवी बनते, म्हणजे तिच्यात न पाठवलेलं जे काही होतं ते गेलं. आधी गठ्ठा पूर्ण उतरू द्या, मगच अपग्रेड.

नवीन डब्याचा डेटाबेस हातानं बनवत असाल तर फक्त स्कीमाची, म्हणजे टेबलांच्या आराखड्याची, फाईल टाकायची, सर्व्हरसाठीच्या बाकीच्या दोन नाही. आणि सर्व्हर आणि प्रॉक्सी एकाच डेटाबेसकडे बोट दाखवत नाहीत ना ते दोनदा बघा.

क्लोन केलेला डबा

देवासचा डबा बनवताना मी उज्जैनच्या डब्याची डिस्क जशीच्या तशी कॉपी केली, वेळ वाचवायला. होस्टनेम बदललं, पत्ता बदलला, वायरगार्डची चावी बदलायची राहिली. मग काय, दोन डब्यांकडे एकच चावी, आणि वायरगार्ड तर जिकडून शेवटचं खरं पॅकेट आलं तिकडे तोंड करून बसतो. सर्व्हरवर त्या पीअरचा बाहेरचा पत्ता बघितला तर एकदा उज्जैनचा, थोड्या वेळानं देवासचा, पुन्हा उज्जैनचा. दोन्ही डबे अर्धवट जिवंत. असा दर काही सेकंदांनी बदलणारा पत्ता दिसला की दुसरं काही शोधू नका, चावी दोघांत वाटली गेलीय. क्लोन करा, पण चावी नवी, पीएसके नवा, मशीन आयडी नवा, आणि कॉपीत आलेली प्रॉक्सीची जुनी डेटाबेस फाईल नव्या डब्यावरून उडवून मगच चालू करा, नाहीतर उज्जैनचा उरलेला गठ्ठा तो देवासच्या नावानं पाठवायचा प्रयत्न करेल.

चारी डब्यांवर आता मी एक चिठ्ठी चिकटवलीय, मोठ्या अक्षरात, ब्रँचमध्ये कोणीही वाचू शकेल अशी: निळी वायर डावीकडच्या भोकात, लाईट जाऊन आली की स्क्रीन लावून तारीख बघा, चुकीची असेल तर इंदूरला फोन. बाकीच्या तीन ठिकाणी कोणी बघत नाही. रतलामचे काका मात्र लाईट जाऊन आली की फोन करतात, "आज एकोणीस तारीख, बरोबर आहे," एवढंच सांगून ठेवून देतात.